गार पाण्याचा धूर कसा होतो? नेब्युलायझर, नळाची धार आणि थेंबांचं फुटणं

गॅलरीतून | ९ जुलै, रात्री ११:५२

पावसाळा लागला की आमच्या धाकट्याची छाती भरते. वय सहा. या वेळी डॉक्टरांनी पाच दिवस, दिवसातून तीनदा नेब्युलायझर (औषधाचा धूर करून मास्कमधून श्वासात देणारं मशीन) सांगितलाय. रात्रीचा डोस आत्ताच संपला. मशीनच्या घरघरीत त्याला झोप येत नाही, म्हणून मी मोबाईलचा टॉर्च मास्कच्या बाजूच्या भोकांवर धरला. पांढरे लोट वळसे घेत बाहेर पडतात आणि हातभर लांब गेले की दिसेनासे होतात. त्याला तेच बघत बसायला आवडतं.

आज त्याने विचारलं, "आई, पाणी तापलंच नाही, मग वाफ कुठून आली?" मी मशीनच्या औषधाच्या कपला हात लावला. कप गार होता. नुसता गार नाही, सुरू केला तेव्हापेक्षाही गार. मला उत्तर देता आलं नाही.

मी वाणिज्य शाखेची आहे, बँकेत काम करते. इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारते:

गार पाण्याचा असा धूर कसा होतो? कपात औषध जेमतेम तीन मिली असतं, तरी दहा मिनिटं का पुरतं? आणि तिसरं: लालबागला आमच्या चाळीखाली एक इस्त्रीवाले मामा आहेत. ते पूर्वी तोंडात पाणी भरून कपड्यावर फुर्रकन उडवायचे. इतकं बारीक की कापड ओलं दिसायचं नाही, फक्त नरम पडायचं. ते आणि हे एकच आहे का?

---

तरंगलांबी | १० जुलै, सकाळी ७:२०

ताई, फार सुंदर प्रश्न आहे. मी अभियांत्रिकीच्या मुलांना द्रवयांत्रिकी शिकवतो आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

आधी एक दुरुस्ती. तुम्हाला दिसतो तो पांढरा लोट म्हणजे वाफ नव्हे. पाण्याची खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब, प्रकाश विखुरणारे. हातभर गेल्यावर लोट नाहीसा होतो तेव्हा कुठे तो खरोखर वाफ झालेला असतो. थेंब वाफ होताना उष्णता घेऊन जातात, कप गार लागतो तो त्यामुळे. माठाचं पाणी गार होतं तसंच.

आता थेंब होतात कसे. स्वयंपाकघरातला नळ अगदी बारीक धार पडेल इतकाच उघडा. वरचा भाग काचेच्या कांडीसारखा स्वच्छ दिसेल, खाली धार थरथरल्यासारखी, धूसर दिसेल. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये त्या धूसर भागाचं चित्रीकरण करा. तिथे धार नसतेच. एकामागून एक सुटे थेंब पडत असतात, डोळ्याला ते वेगळे करता येत नाहीत इतकंच.

हे होतं पृष्ठताणामुळे. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ कातड्यासारखा वागतो, त्याला आकसायचं असतं. धार कुठे किंचित बारीक झाली की तिथे हे कातडं जास्त घट्ट आवळतं, आतला दाब वाढतो आणि पाणी शेजारच्या जाड भागात ढकललं जातं. मग बारीक भाग आणखी बारीक, जाड भाग आणखी जाड. शेवटी गळा आवळला जातो आणि थेंब सुटतो.

बेल्जियमच्या जोसेफ प्लॅटो यांनी दाखवलं की धारेवरचा चढउतार तिच्या परिघापेक्षा लांब असेल तर तो वाढत जातो आणि धार टिकत नाही. परीघ म्हणजे व्यासाच्या तिप्पटीहून थोडा जास्त. प्लॅटो यांची दृष्टी मध्यम वयातच गेली होती. पुढची कित्येक वर्षं घरच्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांनी त्यांनी प्रयोग केले. मग १८७८ मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी गणित मांडलं की अनेक चढउतारांपैकी सगळ्यात वेगाने वाढणारा साधारण साडेचार व्यास लांबीचा असतो. त्यावरून थेंब धारेच्या जवळजवळ दुप्पट जाडीचा निघतो. म्हणजे १ मिलिमीटर धार, तर १.९ मिलिमीटरचा थेंब. अशी धार फुटायला सेकंदाचे काही शंभरावे भाग पुरतात.

आता तुमचा नेब्युलायझर. तिथे थेंब लागतात ३-४ मायक्रॉनचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नळाच्या पद्धतीने जायचं तर भोक दोन मायक्रॉनचं लागेल. ते तुंबेल, आणि त्यातून पाणी ढकलायला प्रचंड दाब लागेल. म्हणून निसर्ग आणि कारखाने, दोघेही दुसरा रस्ता धरतात: द्रवाचा आधी पातळ पडदा करायचा, पडदा फाटून त्याचे दोरे होतात आणि दोरे तुटून थेंब. पडदा जितका पातळ तितका दोरा बारीक.

तुमचे इस्त्रीवाले मामा नेमकं हेच करत. ओठ दाबून मधली फट चपटी केली की पाणी पडद्यासारखं पसरतं, आणि मागून सोडलेला श्वास तो पडदा फाडतो.

---

श्वासमार्ग | १० जुलै, दुपारी २:१५

श्वसनविकारांच्या वॉर्डात बावीस वर्षं नर्स आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते.

तुमच्या कपात मधोमध एक शंकूसारखी टोपी असते, ती धुताना काढत असाल. तिच्याखाली सुईच्या टोकाएवढं छिद्र आहे. कंप्रेसरची हवा त्यातून जोरात निघते, तिथला दाब उतरतो आणि औषध टोपीच्या फटीतून आपोआप वर ओढलं जातं. वर आलं की हवेच्या झोतात सापडून त्याच्या चिंध्या होतात. झोताच्या समोर एक छोटी पट्टी असते. जे थेंब मोठे, ते वळू शकत नाहीत. ते पट्टीवर आणि भिंतीवर आपटून परत खाली येतात. अगदी हलके तेवढे हवेबरोबर वळून बाहेर पडतात. म्हणजे तेच तीन मिली पुन्हा पुन्हा वर जाऊन फुटत असतं, आणि दर फेरीला थोडंच पास होतं. तुमची दहा मिनिटं यात जातात.

१ ते ५ मायक्रॉनचे थेंब खालच्या श्वासनलिकांपर्यंत जातात. १० च्या पुढचे नाकात-घशात चिकटतात. १ पेक्षाही बारीक झाले तर बरेचसे श्वासाबरोबर परत बाहेर.

आता आईसाठी काही गोष्टी. कप उभाच धरा, आडवा झाला की औषध वर ओढलं जात नाही. शेवटी फरफर आवाज येऊ लागला की कपावर टिचकी मारा, भिंतीवरचे थेंब खाली येतात. मास्क गालाला नीट टेकलेला हवा, बोटभर फट असली तरी बरंच औषध खोलीत जातं. मूल रडत असेल तर आधी शांत करा, रडताना औषध आत कमी पोचतं. कपात साधं पाणी, अर्क, तेल, काहीही घरचं घालायचं नाही. रोज धुवून पूर्ण वाळवायचा. पावसाळ्यात वाळत नाही म्हणून पंख्याखाली ठेवा. आणि धाप वाढली, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर मशीनवर अवलंबून राहू नका, थेट दवाखाना गाठा.

तरंगलांबी सर, तुमचं एक वाक्य मात्र दुरुस्त करायला हवं. बारीक भोकांचा रस्ता कोणी धरत नाही असं नाही. हल्लीच्या मेश नेब्युलायझरमध्ये धातूची पातळ चकती असते, तिला काही मायक्रॉनची हजारभर भोकं असतात आणि ती सेकंदाला लाखाहून जास्त वेळा थरथरते. आवाज नाही, कंप्रेसर नाही.

---

तरंगलांबी | १० जुलै, दुपारी ४:०५

मान्य, माझं वाक्य चुकलं. मेशमध्ये एकदम दाब द्यायचा नसतो, थरथरीच्या दर ठोक्याला भोकातून थेंबभर बाहेर फेकलं जातं, त्यामुळे ते जमतं. तुंबण्याचा त्रास मात्र त्यालाही आहे ना?

---

श्वासमार्ग | १० जुलै, दुपारी ४:३०

आहे. दाट औषध घातलं किंवा धुतलं नाही की भोकं बुजतात आणि मग दहा मिनिटांचे पंचवीस होतात. साधा घरघरणारा डबा दणकट असतो, मी घरी तोच वापरायला सांगते.

---

नोझलवाले काका | १० जुलै, रात्री ९:४८

नमस्कार मंडळी. एकतीस वर्षं डिझेल पंप आणि नोझलचं (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) काम केलं, कुर्ल्याला. आता रिटायर. सर म्हणाले तो पडदा, दोरा, थेंब मी रोज डोळ्यांनी बघितलाय, फक्त त्याला कोणी शास्त्र म्हणून सांगितलं नव्हतं.

नोझल टेस्टर म्हणजे एक हाताने दाबायचा दांडा, वर दाब दाखवणारं घड्याळ, पुढे नोझल बसवायची जागा. दांडा सावकाश दाबायचा. काटा चढत जातो. जुन्या मेकॅनिकल नोझलला दीडशे-दोनशे किलोच्या पुढे कुठेतरी आतली सुई उचलते, आणि चांगली नोझल असेल तर करकरते. कर्रर्र असा आवाज हाताला दांड्यात जाणवतो. सुई सेकंदात कितीतरी वेळा उघडते-मिटते त्याचा तो आवाज. समोर डिझेलचा धुरासारखा शंकू उभा राहतो, सगळीकडून सारखा. खराब नोझल करकरत नाही. तिची धार निघते, नाहीतर शंकू एका बाजूला फाटतो, नाहीतर मिटल्यावर टोकाला थेंब लोंबतो. आम्ही म्हणायचो, "ही ठिबकते." ठिबकणारी नोझल म्हणजे काळा धूर, ॲव्हरेज कमी, आणि शेवटी पिस्टनला भोक.

का ते मी माझ्या पोरांना असं सांगायचो: डिझेल जळत नाही, डिझेलची वाफ जळते. वाफ निघते थेंबाच्या अंगावरून. मोठ्या थेंबाला पोट मोठं आणि अंग कमी. तो वेळेत संपत नाही, अर्धा कच्चा राहतो, त्याचीच काजळी.

हल्लीच्या कॉमन रेल गाड्यांत दाब दीड-दोन हजार बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेएवढा दाब) जातो आणि भोकं केसापेक्षा थोडीच जाड. एक गोष्ट हात जोडून सांगतो, या फवाऱ्यापुढे कधीही बोट धरू नका, साध्या टेस्टरच्यासुद्धा नाही. कातडी भेदून डिझेल आत जातं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, माणूस चहा प्यायला जातो. आमच्याकडच्या एका पोराचं असंच झालं. रात्री हात कोपरापर्यंत सुजला आणि ऑपरेशन करून बोट काढावं लागलं. ठिपका दिसला की त्याच मिनिटाला हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना "दाबाने डिझेल आत गेलंय" हे स्वतःहून सांगायचं.

सर, एक विचारायचं होतं. पाणी एवढं बारीक फोडायला ताकद किती लागते? आम्ही दांडा दाबून दाबून खांदे दुखवून घेतले.

---

तरंगलांबी | ११ जुलै, सकाळी ६:५५

काका, "पोट मोठं आणि अंग कमी" हे मी उद्यापासून वर्गात वापरणार. त्याला जोडून एक आकडा: थेंबाचा व्यास निम्मा केला तर तो वाफ व्हायला चौथा हिस्सा वेळ लागतो. काजळी कमी करण्याची सगळी धडपड या एका वर्गाच्या नियमावर उभी आहे.

ताकदीचं उत्तर ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. १ लिटर पाणी घ्या आणि त्याचे १० मायक्रॉनचे थेंब करा. जवळजवळ दोन लाख कोटी थेंब होतील. त्या सगळ्यांचं अंग मोजलं तर ६०० चौरस मीटर. चाळीतली दहा बाय बाराची खोली धरली तर पन्नासहून जास्त खोल्यांची फरशी भरेल एवढं. आणि हे नवं अंग तयार करायला पृष्ठताणाला द्यावी लागणारी ऊर्जा किती? जेमतेम ४३ ज्यूल. पाण्याची लिटरची बाटली जिन्याने दीड मजला वर नेण्याएवढी.

मग तुमचे खांदे का दुखले? कारण दिलेल्या ताकदीतला एक टक्कासुद्धा नवं अंग करण्यात जात नाही. बाकी सगळी हवा ढकलण्यात, घर्षणात, थेंबांना वेग देण्यात जाते. द्रव फोडणं स्वस्त आहे, त्याला फुटण्याच्या अवस्थेपर्यंत नेणं महाग. याहून कमी खर्चात थेंब करता येतील का यावर लोक आजही डोकं लावत आहेत.

---

कुतूहल_अकरावी | ११ जुलै, दुपारी १:१०

सर, मी अकरावी सायन्सला आहे. पावसाचे थेंब कसे ठरतात? एकाच सरीत लहानमोठे का असतात? आणि खूप मोठा, लिंबाएवढा थेंब का पडत नाही?

---

तरंगलांबी | ११ जुलै, रात्री ८:३०

इथे दोन शक्तींची ओढाताण बघायची. हवा थेंबाला फाडायला बघते, पृष्ठताण त्याला गोल ठेवायला बघतो. पहिलीला दुसरीने भागलं की येतो वेबर अंक: हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग गुणिले व्यास, भागिले पृष्ठताण. हा अंक साधारण १२ च्या वर गेला की हवेच्या झोतात थेंब टिकत नाही.

चित्रात काढतात तसा वर टोक असलेला थेंब आकाशातून कधीच पडत नाही. १ मिलिमीटरपर्यंतचा थेंब गोल असतो. त्याहून मोठा झाला की खालून हवेचा दाब लागून बूड चपटं होतं, बनपावासारखा आकार येतो. ५-६ मिलिमीटरच्या आसपास पोचला की बूड आत दबतं, थेंबाची चकती होते, चकती फुगून उलट्या पिशवीसारखी होते, तिच्या काठाला जाड कडं असतं. पिशवी फुटते तिचे बारीक तुषार, कडं तुटतं त्याचे मोठे थेंब. परत तेच: पडदा, दोरा, थेंब. फ्रान्समधल्या विलेरमो आणि बोसा यांनी २००९ मध्ये याचं वेगवान चित्रीकरण केलं आणि म्हटलं की सरीतली थेंबांची लहानमोठी वाटणी एकेका थेंबाच्या अशा फुटण्यातूनही समजावता येते. ढगातच थेंब एकमेकांवर आपटून जुळतात-फुटतात हेही आहेच, आणि माझ्या मते त्याचा वाटा कमी धरू नये.

थेंब मोजायचे असतील तर घरी करता येईल असा प्रयोग आहे. अमेरिकेतले विल्सन बेंटली नावाचे शेतकरी, हिमकणांच्या फोटोंसाठी प्रसिद्ध. त्यांनी १९०४ मध्ये पावसाच्या थेंबांची मापं प्रसिद्ध केली, आणि साधन काय, तर चाळलेलं पीठ! ताटलीत बोटाच्या पेरापेक्षा थोडा कमी जाड पिठाचा थर द्यायचा, दोन-चार सेकंद पावसात धरायचा आणि आत घ्यायचा. प्रत्येक थेंबाची एक पिठाची गोळी होते. सुकल्यावर चाळून मोजायची.

---

वरळीचा_वारा | १२ जुलै, सकाळी ९:०५

आमचं घर वरळी कोळीवाड्यात, चौथा मजला, समुद्राकडे तोंड. खिडकीचं ग्रिल दर दोन वर्षांनी रंगवावं लागतं. मागच्या बाजूचं ग्रिल मात्र सहा वर्षं झाली, ठीक आहे. लाट कधी चौथ्या मजल्यापर्यंत येत नाही. हात फिरवला की बोटाला मीठ लागतं. हे मीठ येतं कसं? पाण्याबरोबर मीठ उडत नाही असं शाळेत शिकलो होतो.

---

तरंगलांबी | १२ जुलै, दुपारी १२:४०

शाळेत शिकलात ते बरोबर आहे, वाफेबरोबर मीठ उडत नाही. उडतं ते थेंबाबरोबर, आणि थेंब करतो समुद्राचा फेस.

फेसातला एक बुडबुडा घ्या. त्याच्या डोक्यावर पाण्याचा अत्यंत पातळ घुमट असतो. तो फुटतो तेव्हा घुमटाचा काठ वेगाने मागे आकसतो आणि त्यावरून बारीक तुषार सुटतात. घुमट गेला की खाली खड्डा उरतो. तो भरायला चारी बाजूंनी पाणी धावतं, मध्ये एकमेकांवर आदळतं आणि एक बारीक कारंजं सरळ वर उडतं. कारंज्याचे तुटून थेंब होतात. त्यांचा आकार बुडबुड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा.

हे जवळून बघायचं असेल तर सोड्याचा ग्लास भरा आणि उजेडाकडे आडवा बघा. पाण्यावर बोटभर उंचीपर्यंत ठिणग्यांसारखे थेंब उडताना दिसतील. नाकाला गार चिमटे बसतात ते तेच.

पावसाळ्यात वरळीच्या किंवा मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर (किनाऱ्यावरचे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) लाट फुटते तेव्हा असे असंख्य बुडबुडे एकदम फुटतात. मोठे शिंतोडे खाली पडतात, त्यांना तुम्ही बघता. बारीक थेंब वाऱ्यावर चढतात, वाटेत सुकतात आणि मिठाचा कण उरतो. तुमच्या ग्रिलवर बसतो तो हा. जो कुठेच बसत नाही, तो वर जातो आणि ढगाच्या थेंबाचं बीज होतो. मीठ ओलावा ओढतं ना, पावसाळ्यात मिठाची बरणी पाणावते तसं.

---

वरळीचा_वारा | १२ जुलै, दुपारी १:२०

आमची आजी समुद्राकडून दमट वारं सुटलं की म्हणायची, "खारं आलं, मच्छी आत घ्या." वाळत घातलेले बोंबील नरम पडायचे. आता कळलं त्या वाऱ्यात खरंच मीठ असतं.

---

साईटवरचा | १२ जुलै, रात्री १०:१५

धागा पहिल्यापासून वाचतोय. मी बांधकाम साईटवर सेफ्टी बघतो. २०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेने धुळीसाठी नियमावली काढली तेव्हापासून साईटवर तुषार तोफा आल्या. मोठ्या पंख्यापुढे नोझलचं कडं असतं, पाण्याचा धुरळा लांबवर फेकते. माझा अनुभव असा की वाळूच्या ढिगाजवळ, तोडकाम चालू असताना उपयोग होतो. पण हवेचं मीटर लावलं की बारीक कणांचा आकडा फारसा हलत नाही. वरिष्ठ म्हणतात पाणी वाढवा. पाणी वाढवलं की नुसता चिखल.

---

तरंगलांबी | १३ जुलै, सकाळी ७:१०

पाणी वाढवून फायदा नाही, थेंबाचं माप जुळवायला हवं. दादरच्या पुलावर गर्दीच्या वेळी डोक्यावर मोठी पाटी घेतलेला माणूस चालला की लोक आपोआप दोन्ही बाजूंनी वळून जातात, त्याला कोणी आपटत नाही. मोठा थेंब हवेतून पडताना हवा तशीच त्याला वळसा घालून जाते आणि अगदी हलकी धूळ त्या हवेबरोबर वळून निसटते. जड कण वळू शकत नाही, तो आपटतो आणि पकडला जातो. श्वासमार्ग ताईंनी नेब्युलायझरच्या पट्टीचं सांगितलं तेच तत्त्व, उलट्या बाजूने.

म्हणून थेंब धुळीच्या मापाला जवळचा हवा. त्यातही अडचण आहे: फार बारीक केला तर उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारी धुळीपर्यंत पोचायच्या आधीच वाफ होतो. अडीच मायक्रॉन आणि त्याखालचे कण या तोफांना बहुतांशी दाद देत नाहीत. ते कमी करायचे तर जिथे तयार होतात तिथेच थांबवावे लागतात. ढीग झाकणं, ट्रकची चाकं धुणं, कापकाम ओल्याने करणं यांवर खर्च केलेला जास्त कामी येईल असं मला मनापासून वाटतं.

---

नोझलवाले काका | १३ जुलै, सकाळी ८:२५

साईटवरचा भाऊ, त्या तोफेच्या नोझल कधी काढून बघितल्या का? टँकरच्या पाण्यात रेती असते. भोक झिजून मोठं होतं, क्षार बसून वाकडं होतं. मग सर म्हणतात तो थेंब जुळवायचा कसा? आधी फिल्टर बदला. नोझल उजेडाविरुद्ध धरून एकेकीचा शंकू बघा. ज्याचा शंकू फाटलाय ती बदला.

---

साईटवरचा | १३ जुलै, रात्री ९:४०

काका, आज बघितलं. कड्यावरच्या नोझलपैकी सात सरळ धार मारत होत्या. बदलायला टाकल्या. फिल्टर कधी उघडलाच नव्हता.

---

कुतूहल_अकरावी | १४ जुलै, सायंकाळी ५:००

डासांसाठी धूर मारतात तेही पडदा-दोरा-थेंबच का?

---

तरंगलांबी | १४ जुलै, सायंकाळी ६:१५

नाही. तिथे औषध मिसळलेलं तेल गरम नळीत वाफ होतं आणि बाहेरच्या हवेत गार होऊन पुन्हा थेंब होतं. फोडून केलेले थेंब नव्हेत, जमून झालेले. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

---

श्वासमार्ग | १४ जुलै, रात्री १०:५०

थेंब किती वेळ हवेत राहतो ते सांगायचं राहिलं. वॉर्डात आम्हाला हे पाठ असतं. माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून, वारा नसलेल्या खोलीत: १०० मायक्रॉनचा थेंब पाच-सहा सेकंदांत जमिनीवर. १० मायक्रॉनचा आठेक मिनिटं. १ मायक्रॉनचा जवळजवळ बारा तास. व्यास दहापट कमी झाला की पडायला शंभरपट वेळ. हे आकडे थेंब सुकत नाही असं धरून आहेत. प्रत्यक्षात तो वाटेतच आकसतो आणि आणखी हलका होतो.

शिंकेतही तेच पडदा-दोरा-थेंब. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या लिडिया बुरुइबा यांनी शिंकांचं वेगवान चित्रीकरण केलं, त्यात लाळेचा पडदा फुगतो, फाटतो, त्याचे दोरे होतात आणि दोऱ्यांवर मणी धरतात, हे स्पष्ट दिसतं. लाळ चिकट असल्यामुळे दोरे जास्त वेळ टिकतात. सगळे थेंब एका गरम, दमट ढगात गुंडाळलेले असतात आणि तो ढग ७-८ मीटरपर्यंत जाऊ शकतो. २०२० मध्ये आपल्या पवईच्या आयआयटीतल्या अमित अग्रवाल आणि रजनीश भारद्वाज यांनी खोकल्याच्या ढगाचा हिशोब मांडला होता. साध्या सर्जिकल मास्कने त्या ढगाचं आकारमान सातपट कमी होतं असं त्यात होतं.

ताई, म्हणून सांगते, पाऊस आत येतो म्हणून चाळीतल्या खिडक्या गच्च लावून बसू नका. समोरासमोरचं दार आणि खिडकी थोडी उघडी राहू द्या.

---

गॅलरीतून | १६ जुलै, रात्री ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. पोराचा घसा अजून थोडा खवखवतो, पण छाती मोकळी झाली. काल डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं.

नळाच्या धारेचं चित्रीकरण आम्ही त्याच दिवशी केलं. मोठ्या मण्यांमध्ये एकेक अगदी छोटा मणी दिसतो, तो पोराने शोधला. माझ्या लक्षात आला नव्हता.

इस्त्रीवाल्या मामांनाही विचारलं. करोनापासून ते स्प्रेची बाटली वापरतात. पण करून दाखवा म्हटल्यावर रस्त्याकडे तोंड करून दाखवलं. म्हणाले, "ओठ असे दाबायचे की पाणी पानासारखं पसरलं पाहिजे. गोल सोडलं तर कपड्यावर डाग पडतो." सर, पडद्याला ते पान म्हणतात.

पिठाचा प्रयोगही केला. मैदा घेतला, चहाच्या गाळणीने ताटलीत चाळला. परवा दुपारी जोराची सर आली तेव्हा गॅलरीच्या कठड्याबाहेर तीन आकडे मोजेपर्यंत धरला. बत्तीस गोळ्या झाल्या. बहुतेक मोहरीएवढ्या, काही साबुदाण्याएवढ्या. रात्रीच्या भुरभुर पावसात दहा आकडे मोजूनही राजगिऱ्याएवढ्याच, पण भरपूर. आता प्रश्न असा की गोळी थेंबाएवढीच असते, की पीठ चिकटून मोठी होते?

---

कुतूहल_अकरावी | १७ जुलै, सकाळी ६:४०

काकू, मी पण केला! मापाचा थेंब पाडून तुलना करायची. औषधाच्या ड्रॉपरने १ मिलीत किती थेंब पडतात ते मोजा. वीस पडले तर एक थेंब ४.६ मिलिमीटरचा होतो. इंजेक्शनच्या बारीक सुईने माझे १ मिलीत सुमारे दोनशे पडले, म्हणजे २.१ मिलिमीटर. ते थेंब त्याच मैद्यात थोड्या उंचीवरून पाडा, सुकवा, आणि पावसाच्या गोळ्या शेजारी ठेवून बघा. सुई मोठ्या माणसानेच वापरायची आणि लगेच टोपण लावायचं.

---

गॅलरीतून | १९ जुलै, रात्री १०:०५

केलं. ड्रॉपरने आमचे एकवीस पडले. त्या थेंबांच्या गोळ्या एका बाजूला आणि पावसाच्या दुसऱ्या बाजूला, काळ्या कागदावर ओळीने मांडल्या. तीन सरींच्या मिळून एकशे चौदा. सुईच्या थेंबाएवढ्या आणि त्याहून लहान सगळ्यात जास्त. पोर दोन संध्याकाळी शोधत होतं, ड्रॉपरच्या गोळीपेक्षा मोठी गोळी पावसात एकही सापडली नाही.